पुस्तिकेत एकच माणूस मावतो

"तोंडाकडं नको पाहू मुन्शी, पायाकडं पाह्य. तोंड तं सगळ्यायचंच गरीब असते."

असं म्हणून तो वाकायचा. समोर बेडी घातलेला माणूस उभा असायचा, शेजारी शिपाई खिशात बिडी चाचपत असायचा, वकील घड्याळ बघत असायचा, आणि हा आपला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून त्या माणसाच्या चपला बघतोय. आधी पुढून, मग मागून. कधी "पाय उचल" म्हणून तळवाही बघायचा. बाजारात बैलाचे खूर बघतात, अगदी तसा. मग सरळ होऊन एक तर "घेतो" म्हणायचा, नाही तर "नाही घेत". त्यावर वकिलानं कितीही डोकं आपटलं तरी शब्द फिरत नसे.

आमच्या बालाघाटला कचेरीच्या आवारात करंजाचं एक जुनं झाड आहे. त्याखाली माझं टेबल. मी अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज, शपथपत्रं, नकलेच्या मागण्या लिहून देणारा. सगळं हिंदीत. 'महोदय, सविनय निवेदन है' एवढ्यावर माझं घर चाललं आणि पोरीचं लग्न झालं. लोक सांगतील ते लिहावं लागतं, त्यामुळे खोटंही मी आयुष्यभर हिंदीतच लिहिलं. हे मराठीत लिहितोय, त्यावरून काय ते समजा.

तो जमानतदार होता. हे काय काम, असं तुम्ही विचाराल. कोर्टाच्या साहेबांनी जामीन मंजूर केला तरी माणूस लगेच सुटत नाही. कोणीतरी शेतीवाला उभा राहावा लागतो आणि त्यानं म्हणावं लागतं, हा दर पेशीला, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेला, हजर राहील, नाही राहिला तर माझ्या शेतावर या. शेताची ऋण-पुस्तिका असते, ती दाखवायची. तिच्यावर शिक्का बसतो, आणि केस संपेपर्यंत ते शेत त्या माणसाच्या येण्या-न येण्याला बांधलं जातं. ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठी कोण उभं राहणार? हा राहायचा. लामत्याला त्याची अडीच एकर धानाची जमीन होती, तीच त्याची सगळी दौलत. त्याच्यासारखे आवारात आणखी दोघं-तिघं होते, ते एका पुस्तिकेवर चार-चार माणसं सोडवायचे. याचा नियम वेगळा होता.

"पुस्तिकेत एकच मानूस मावते मुन्शी. दुसरा घुसवला का पह्यला पडते."

साहेब त्याला आरोपीकडे बोट दाखवून दर वेळी विचारायचे, "मुल्जिम को कब से जानते हो?" आणि तो दर वेळी न चुकता सांगायचा, "बचपन से, साहब." एकदा साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, अरे, हा मुल्जिम तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आहे. हा शांतपणे म्हणाला, "इनके बचपन से नहीं साहब, मेरे बचपन से." साहेबांच्या कारकुनानं, पेशकारानं, तोंडावर फाईल धरली. साहेबांनी सही केली.

चपलांची त्याची विद्या मला कधी पुरती कळली नाही. तुटलेला पट्टा दोऱ्यानं शिवलेला असला की "घेतो". म्हणायचा, "जो चपल टाकत नाही, तो तारीख पन टाकत नाही." कोऱ्या करकरीत बुटांच्या तो वाटेला जायचा नाही. एकदा पांढऱ्या पँटीतला एक माणूस आला. वकील सारखा सांगत होता की मोठ्या घरचा आहे. हा वाकला, बघितलं, "नाही घेत." दुसऱ्या जमानतदारानं घेतला. तो माणूस जो चहा प्यायला म्हणून गेला, तो अजून येतोच आहे.

जंगलाकडच्या गावची एक म्हातारी मोहाच्या दारूत सापडली होती. अनवाणी. आता हिच्या कोणत्या चपला बघणार, म्हणून मी हसलो. तो तिच्या टाचांच्या भेगा बघून म्हणाला, "इतकी चालून आली, आनखीही चालन." म्हातारी दर पेशीला आली, आणि दर वेळी पदराच्या गाठीत त्याच्यासाठी मूठभर चारोळी बांधून आली. त्यातली अर्धी तो माझ्या टेबलावर ओतायचा.

ऐन जवानीत तो स्वतः दहा महिने आत होता. भांडण भावाचं, नाव याचं. जामीन मंजूर झाला होता, पण उभं राहायला कोणी आलं नाही. तो भाऊही नाही. रोज सकाळी केस विंचरून फाटकाकडे तोंड करून बसायचो, म्हणाला. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, चारोळी चघळत, जशी काही गल्लीतल्या दुसऱ्याच कोणाची गोष्ट.

"कोनाची वाट पाहाची नाही मुन्शी. वाट पाह्यली का मानूस म्हातारा होते."

नदीकडच्या वस्तीत त्याची एक खोली होती. एक ताट, एक पेला, एक चटई. दाराला कुलूप नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नेन्यासारखं का आहे तिथं?" रात्रीचं काय रांधायचा देव जाणे, दुपारचा मात्र माझ्याबरोबर जेवायचा. माझी बायको डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवायची, सलग वीस वर्षं. "त्यायले सांगा, आज भाजी तिखट झाली," असे निरोपही डब्याबरोबर यायचे.

दोस्ती होती, असं तुम्ही म्हणाल. हौ, होती. पण दोस्त एक दिवस कचेरीत आला नाही म्हणून कोणी 'प्रार्थी'च्या जागी 'आरोपी' टाइप करत नाही. मी केलं आहे. माझा त्याच्यावर जीव होता. हे वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं.

आणि असंही नाही की मला कधी विचारलंच गेलं नाही. एकदा आम्ही दोघं रामपायलीला जत्रेला गेलो होतो. रामाचं दर्शन झालं, नदीकाठी पायऱ्यांवर बसलो होतो. लाह्यांचा पुडा आमच्या मध्ये. तो पुड्यात हात घालायला गेला आणि हात माझ्या हातावर ठेवून तसाच बसला. बघत होता पाण्याकडे.

"लामत्याले दोन खोल्या बांधाच्या म्हनतो. शेतातच. तू येशील का, मुन्शी?"

मला कळलं होतं. अहो, न कळायला मी काय दुधखुळा होतो? मी हात काढून घेतला आणि म्हणालो, "येऊ ना. पोरीच्या परीक्षा होऊ दे, बायको-पोरीले घेऊन सुट्टीत येतो."

"हौ," तो म्हणाला. "तसंच."

आम्ही लाह्या संपवल्या आणि उठलो. खोल्यांचं पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा येऊन पोळ्या खाऊन गेला.

मग चाबीवाला आला.

त्याला नाव होतं. लोक नावानं हाक मारायचे. मी कधी मारली नाही, आताही लिहिणार नाही. तिशीतला, सडपातळ, बोटांवर कानशीचे ओरखडे. बस-स्टँडसमोर छत्रीखाली बसून चाब्या बनवायचा. एका दुपारी दोन माणसं त्याला मोटरसायकलवर बसवून घेऊन गेली. राइस मिलच्या मालकाची चाबी हरवली आहे, तिजोरी उघडून दे, म्हणाली. यानं भर दिवसा, अंगातलं सगळं कसब दाखवत तिजोरी उघडून दिली. ते दोघे माल घेऊन पसार झाले आणि हा बावळट तिथंच नवी चाबी घासत बसलेला सापडला. त्या दोघांची नावं त्याला माहीत होती, पण भीतीनं तो ती पोलिसांपुढे घेईना.

शिपायानं त्याला करंजाखाली आणला. जमानतदार नेहमीसारखा वाकला. एका पायात निळी चप्पल होती, दुसऱ्यात काळी, आणि ती दुसऱ्या कोणाची तरी, मोठी. मी म्हटलं, आता 'नाही घेत'. पण तो वाकलेला असतानाच त्यानं मान वर केली आणि चाबीवाल्याच्या तोंडाकडे बघितलं. वीस वर्षांत मी त्याला असं करताना पाहिलं नव्हतं. बघत राहिला. शिपाई खाकरला, तरी बघत राहिला.

"घाईत उचललं रे याले," तो म्हणाला. "चपल पाह्याले पन येळ नाही भेटला. घेतो."

"हा कोनता नियम?" मी म्हणालो.

"आजचा," तो म्हणाला.

आत साहेबांनी विचारलं, मुल्जिम को कब से जानते हो. मी दारातच उभा होतो, ओठांवर हसू तयार ठेवून. तो म्हणाला, "आज से, साहब." साहेब हसले. सही झाली. मला मात्र हसू आलं नाही. वीस वर्षं त्या दालनात तो खोटं बोलला, आणि खरं बोलला ते ह्याच्यासाठी.

तिजोरी लुटणाऱ्या त्या दोघांची माणसं चाबीवाल्याच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन धमकावून आली, म्हणून जमानतदारानं त्याला नदीकडच्या आपल्या खोलीत नेलं. तात्पुरतं, म्हणाला. तात्पुरतं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. आठवडी बाजारात मला तो भांड्यांच्या दुकानात दिसला. ताट उलटं करून बोटांनी वाजवून बघत होता. स्टीलचं दुसरं ताट. मला बघून लाजला. पन्नाशी उलटलेला माणूस, गालावर पांढरे खुंट, आणि लाजला!

पुढे तर कहरच झाला. केस काळे केले. कलप कानाच्या पाळीपर्यंत उतरलेला. मी म्हणालो, "कान पन काळे करतोस का बे?" आवार हसलं. तो पण हसला, आणि रुमालानं कान पुसत बस-स्टँडच्या बाजूला बघत राहिला. जो माणूस मला वाट पाहू नको म्हणून सांगायचा, तो फाटकापाशी उभा राहून वाट बघायचा. चाबीवाला आला की दोघं चहाला जायचे. माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या तशाच परत जाऊ लागल्या.

"तुमचे दोस्त आजारी आहे का?" बायकोनं विचारलं.

"मजेत आहे," मी म्हणालो. "मेला लई मजेत आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशीही पोळ्या चारच ठेवल्या. बायकांना सगळं कळतं, त्या फक्त बोलत नाहीत.

चाबीवाला वाईट असता तर बरं झालं असतं. माझ्या टेबलाचा खण कित्येक वर्षं अडकायचा. एक दिवस तो आला, खाली बसला, कानशीनं दोन मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाला, "मुंशीजी, अब बिना खटके खुलेगा." पैसे घेतले नाहीत. खण खरंच आवाज न करता उघडायला लागला, आणि दर वेळी उघडताना माझ्या पोटात दुखायला लागलं. मराठी त्याला नीट यायची नाही. जमानतदार त्याच्याशी हिंदीत बोलायचा आणि त्याचा आवाजच बदलायचा. माझ्याशी बोलताना तो आवाज कुठं ठेवला होता यानं इतकी वर्षं?

एकदा चाबीवाल्याच्या बोटाला पत्रा लागला. जमानतदारानं माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर त्याचा हात ठेवला, आपला रुमाल फाडून पट्टी बांधली आणि गाठ मारल्यावरही हात सोडला नाही. भर बारा वाजता, अख्ख्या कचेरीदेखत. चहावाल्यानं नजर वळवली, वकील मोबाईलमध्ये शिरले. मी बघत बसलो. रामपायलीच्या पायऱ्यांवर तर कुत्रंही नव्हतं बघायला, आणि मी हात काढून घेतला होता.

त्याच सुमाराला ती मोटरसायकल आवारासमोर दिसू लागली. ते दोघे समोरच्या टपरीवर बसायचे, घाई नसल्यासारखे. चाबीवाला आला की बोलणं थांबवायचे. एकदा टपरीवरच्या माणसानं माझ्या टेबलावर कटिंग चहा आणून ठेवला, "उधर से आया है." मी समोर बघितलं. त्यातल्या एकानं मान हलवली. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांनी काही विचारलं नव्हतं. पण चहा मी प्यायलो, हे लिहायला पाहिजे.

सहा महिने त्या खोलीत राहिल्यावर चाबीवाल्याची भीती गेली. पुढच्या पेशीला साहेबांसमोर त्या दोघांची नावं सांगतो, म्हणाला. नावं सांगितली की सुटशील, असं वकिलानंही सांगितलं. त्या पेशीवर सगळं येऊन ठेपलं होतं.

जमानतदार माझ्या टेबलाशी आला. बऱ्याच दिवसांनी स्टुलावर बसला. म्हणाला, "मुन्शी, लामत्याले खोल्या झाल्या. छप्पर तेवढं राह्यलं. दोघंबी जाऊन टाकून येतो. ही पेशी झाली का तिकडंच राहाचं."

"दोन खोल्या?" मी विचारलं.

"हौ. दोन."

त्या माझ्या खोल्या होत्या. मी त्या नाकारल्या होत्या, हे मला मान्य आहे. पण नाकारलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची असते का? मला तेव्हा असंच वाटलं. मी म्हणालो, "बरं झालं गड्या."

तासाभरानं चाबीवाला तारीख विचारायला आला. आता तारखा मोबाईलवर दिसतात म्हणे. पण आमच्या आवारात अजूनही पेशकाराकडून तारीख मी आणतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो. लोक ती चिठ्ठी देवाच्या अंगाऱ्यासारखी जपतात, कारण माझ्या चिठ्ठीची तारीख कधी चुकली नव्हती. पेशी अठराला होती. मी लिहिलं, २८. चिठ्ठीची घडी केली आणि त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "शुक्रिया, मुंशीजी." दोघं दुपारच्या बसनं लामत्याला गेले.

चूक झाली, असं मी पुढे सांगितलं. चूक नव्हती. मी पेन उचललं तेव्हा मला माहीत होतं. मला एवढंच हवं होतं की पोट्ट्यानं एकदा पेशी चुकवावी, चार दिवस आत जावं, आणि जमानतदाराला कळावं की पहिल्यांदा तोंड बघून घेतलेला माणूस पळाला. मग तो येईल, स्टुलावर बसेल, म्हणेल, मुन्शी, चुकलं माझं. मी डबा उघडीन. एवढंच. त्या मोटरसायकलवाल्यांचा मी विचारही केला नव्हता, आणि काम मात्र मी त्यांचंच केलं.

अठराला चाबीवाल्याच्या नावाचा पुकारा झाला. एकदा, दोनदा. वकील त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेला होता. जमानतदाराचा नंबर माझ्या खिशातल्या डायरीत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुकाऱ्याच्या मध्ये शिपाई खोकला, तेवढ्यात फोन लागला असता. साहेबांना निदान सांगता आलं असतं की निघाले आहेत. मी एका विधवेचा पेन्शनचा अर्ज टाइप करत होतो. तिसरा पुकारा झाला. वॉरंट निघालं. जमानतदाराला नोटीस निघाली. समोरच्या टपरीवरची मोटरसायकल त्या दिवसानंतर दिसली नाही.

लामत्याला पोलीस पोचले तेव्हा दोघं छपरावर होते. पुढचं मला जमानतदाराकडूनच कळलं. गाडी लांबून येताना दिसली. शिपाई ओळखीचा, त्यानं ओरडूनच सांगितलं की अठराची पेशी चुकली, वॉरंट आहे. अठ्ठावीसची चिठ्ठी जमानतदारानंच आपल्या खिशात जपून ठेवली होती. त्यानं चिठ्ठी काढून बघितली आणि त्याला सगळं कळलं. त्या मोटरसायकलवाल्यांची माणसं जेलमध्येही होती. चाबीवाला आत गेला असता तर नावं घ्यायला जिवंत राहिला नसता. पळणारा कोण, हे आयुष्यभर पायांवरून ओळखणाऱ्या माणसानं त्याला मागच्या बांधावरून स्वतः पळवलं. पायात चप्पल नव्हती, म्हणून आपली दिली.

नोटिशीच्या तारखेला तो नव्या चपला घालून आला. मी कोणाची तरी फाईल हातात धरून दारात उभा होतो. त्याच्या शर्टाच्या खिशातून माझ्या चिठ्ठीचा कोपरा दिसत होता. ती चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली असती तर वॉरंट रद्द झालं असतं, चाबीवाला परत आला असता, शेत वाचलं असतं. माझं लायसन गेलं असतं, आणि कदाचित मी स्वतः आत गेलो असतो.

"पेशी पर क्यों नहीं लाए?" साहेबांनी विचारलं.

"तारीख भूल गया, साहब."

"तारीख किसने बताई थी?"

माझ्याकडे बघितलं नाही त्यानं.

"किसी ने नहीं. मैं ही भूल गया. मुल्जिम को भी मैंने ही भगाया."

शेत जप्तीला गेलं. पळवल्याची वेगळी केस त्याच्यावर झाली, तीत तो दोन महिने आत राहून आला. त्याच्यासाठी जमानतदार म्हणून उभा राहायला माझ्याकडे शेत नव्हतं. शेत असतं तर राहिलो असतो का? माहीत नाही. रोज सकाळी वाटायचं, आज तो केस विंचरून फाटकाकडे बघत असेल. मग मी डबा घेऊन कचेरीत जायचो.

सुटला त्या दिवशी तो करंजाखाली आला. कलप उतरला होता, डोकं पांढरं झालं होतं. खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता.

"हे तुझं," तो म्हणाला. "चूक झाली का मुन्शी?"

सांगून टाकायचं होतं. रामपायलीपासून सगळं सांगायचं होतं.

"हौ," मी म्हणालो. "चूक झाली."

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि वाकला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं. डावीचा पट्टा तुटलेला होता, बायकोनं काळ्या दोऱ्यानं शिवून दिलेला. पुढून बघितलं, मागून बघितलं. मी पाय मागे घेतला नाही. मग तो हळूहळू सरळ झाला, कमरेवर हात ठेवून.

"घेतो," म्हणाला.

आणि फाटकातून गेला. पुस्तिकेत एकच माणूस मावतो, दुसरा घुसवला की पहिला पडतो. मी शेवटी त्याच्या पुस्तिकेत शिरलो होतो, चाबीवाल्याला बाहेर ढकलून. पुस्तिका मात्र तोवर जप्त झाली होती.

त्यानंतर तो बालाघाटला कोणाला दिसला नाही. कोणी म्हणालं, राजेगावच्या नाक्यावर दिसला, गोंदियाच्या बसची चौकशी करत होता. नदीकडची खोली रिकामी झाली. दोन-तीन महिने मी कळ काढली. मग एका अठ्ठावीस तारखेला लामत्याची बस धरली.

शेतात दुसऱ्याचं धान उभं होतं. बांधाच्या कडेला दोन खोल्या, अर्ध्याच छपराच्या. दाराला कुलूप नव्हतं. मी ढकलून आत गेलो. एक चटई, चूल, आणि भिंतीला ताटं ठेवायची फळी. फळी रिकामी होती. शेजारच्या शेतात एक बाई निंदत होती, तिला विचारलं.

"ते तं गेले ना भाऊ. एका दिवशी आले, भांडे नेले, गेले."

"एकटेच होते का?"

"मले एकटेच दिसले. पन ताटं दोन नेली. मीच म्हनलं, एकट्याले दोन काहून पाह्यजे? तं हासले."

म्हणजे त्याला चाबीवाला सापडला होता. कुठंतरी, कोणत्या तरी गावात, दुपारचे दोघं समोरासमोर बसून जेवत होते, आणि हा त्याच्याशी त्या आवाजात बोलत होता. मला आनंद झाला, असं इथं लिहिलं तर ते हिंदीतलं होईल. मी जळलो. खोल्यांपुढच्या ओट्यावर बसून, म्हातारा माणूस, मी इतका जळलो की डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्या जळण्याच्या खाली कुठंतरी, तो वाचला, दोघंही वाचले, असंही काहीतरी होतं. पण ते खाली होतं.

आता दर महिन्याच्या अठ्ठावीसला मी लामत्याला जातो. कचेरीत सांगतो, पेशी आहे. लोक हसतात, मुंशीजींची कसली पेशी? असते एकेकाची. त्यानं माझ्या चपला बघून 'घेतो' म्हटलं आहे, हजर राहावं लागतं. बायको न विचारता डब्यात चार पोळ्या ठेवते. मी ओट्यावर बसून दोन खातो, दोन फळीवर ठेवतो, आणि चारच्या बसनं परत येतो.